पांढरा कोळसा ते पवनचक्की : सह्याद्रीच्या खाणीचा शंभर वर्षांचा हिशेब

पाण्यापासून केलेल्या विजेला एकेकाळी 'पांढरा कोळसा' म्हणत. हा शब्द फ्रान्समधला. आल्प्सच्या पायथ्याशी कागदाची गिरणी चालवणारे अभियंते आरिस्तीद बर्जेस यांनी १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात तो लोकांपुढे मांडला आणि पुढे तो आपल्या शाळेच्या पुस्तकांतही येऊन बसला. शब्द चटकन पटतो, पण त्यात एक गृहीतक दडले आहे. कोळसा म्हटला की खाण आली आणि खाण म्हटली की त्या जागेवर राहणाऱ्याने उठायचे, हेही ओघाने आले. डोंगरावर पडणारा पाऊस कोळसा ठरला, त्याच दिवशी सह्याद्री ही खाण ठरली.

आज अपारंपरिक ऊर्जेसाठी लागणाऱ्या खाणींबद्दल जगभर वाद चालू आहे. बॅटरीसाठी लिथियम आणि कोबाल्ट लागते, तारांसाठी तांबे, नव्या धर्तीच्या अनेक पवनचक्क्यांतल्या चुंबकांसाठी निओडिमियम. हे सारे कुणाच्या तरी जमिनीखालून काढावे लागते. जगाचे तापमान आटोक्यात ठेवायचे म्हणून एखाद्या गावाच्या इच्छेविरुद्ध तिथे खोदावे का, असा हा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याच्या बातम्या येतात त्या चिली, काँगो, सर्बिया इथल्या. फार तर जम्मूतल्या रियासीच्या. त्यामुळे प्रश्न दूरचा वाटतो. मला तो दूरचा वाटत नाही. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना तो शंभर वर्षे ओळखीचा आहे. इथे खाणीतून निघणारा माल वेगळा होता, एवढेच. आधी पाणी, मग वाळू, मग वारा आणि आता खुद्द डोंगराची उंची. या चार मालांची कहाणी एकापुढे एक ठेवली तर काय दिसते, ते या लेखात मांडतो आहे.

जान किंवा जमीन

सुरुवात साताऱ्याच्या थोडे उत्तरेला, पुणे जिल्ह्यातल्या मुळशी खोऱ्यात करावी लागते, कारण पुढच्या सगळ्या वादांचा नमुना तिथे तयार झाला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटांनी नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले. त्यात पन्नासच्या आसपास गावे जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी हा लढा चालवला आणि १९२४ च्या अखेरीला तो संपला. धरण झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे, त्यातला एक भाग मला आजच्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. मुळशीतली बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती. त्यांना नुकसानभरपाई चालणार होती. जमीन कसणाऱ्या मावळ्याला ती चालणार नव्हती, कारण भरपाईचा मोठा भाग त्याच्या हाती येणारच नव्हता. म्हणजे 'स्थानिकांचा विरोध आहे' किंवा 'स्थानिकांची संमती आहे' या दोन्ही वाक्यांत 'स्थानिक' कोण, हे विचारल्याशिवाय अर्थ नाही. कागदावर ज्याचे नाव, तो स्थानिक, असे १८९४ चा भूसंपादन कायदा मानत होता. तो कायदा १२० वर्षे टिकला.

कोयना : देशासाठी

कोयनेच्या खोऱ्यावर टाटांची नजर पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला गेली होती, पण पुढच्या मंदीत ते बेत मागे पडले. धरण झाले ते स्वातंत्र्यानंतर, सरकारने बांधले. १९५४ ला पायाभरणी झाली आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धात शिवाजीसागर भरला. कोयनेची स्थापित क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. तिला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. राज्याचे कारखाने, शहरे आणि गावातले पहिले दिवे यांत कोयनेचा वाटा फार मोठा आहे.

हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाटण आणि जावळी तालुक्यांतली हजारो कुटुंबे उठली. काही सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत गेली, काही घाट उतरून रत्नागिरी, रायगड, ठाण्याकडे. पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. कोयनेची माणसे त्याच्या आधीच उठली होती. त्यांच्या पर्यायी जमिनीचे, नागरी सुविधांचे दावे तिसऱ्या पिढीपर्यंत आले आणि आजही कोयनानगरला आंदोलने होतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तर कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. त्यात सुमारे १८० माणसे गेली. जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो, याचे जगभर दिले जाणारे उदाहरण म्हणजे कोयना.

कोयनेने या दोन जिल्ह्यांत आणखी एक विचित्र साखळी तयार केली. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी स्वभावतः पूर्वेला, कराडकडे वाहते. विजेसाठी ते बोगद्यांतून पश्चिमेला वळवले, पोफळीकडे खाली सोडले आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. बच्छावत लवादाने या पश्चिमेकडच्या पाण्यावर वर्षाला सरासरी ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. त्याच वेळी पूर्वेकडचे माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पाण्यासाठी टाचा घासत होते. पुढे त्यांच्यासाठी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना झाल्या. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवायचे, म्हणजे पुन्हा वीज. बिले थकली की पंप बंद. डोंगरावरचे पाणी एकीकडे खाली टाकून वीज करायची आणि उरलेले पाणी वीज लावून दुसरीकडे वर न्यायचे, असा हा व्यवहार आहे. यातल्या कोणत्या टप्प्यावर डोंगरातल्या किंवा दुष्काळातल्या माणसाला विचारले गेले, याचे उत्तर शोधायला गेलो की हाती फार थोडे लागते.

लढे मात्र झाले. बाबा आढाव, दत्ता देशमुख, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांनी धरणग्रस्तांची चळवळ उभी केली. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही तिची घोषणा. या घोषणेची रचना पाहण्यासारखी आहे. तिच्यात धरणाला नकार नाही. धरणाचा क्रम बदलण्याची मागणी आहे. मुळशीच्या 'जान किंवा जमीन'पासून इथपर्यंत विरोधाची भाषा बदलली होती. ती आणखी पुढे गेली सांगली जिल्ह्यात, येरळेच्या काठी.

येरळेची वाळू

येरळा साताऱ्याच्या दुष्काळी टापूत उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात तिच्या पात्रातून ठेकेदार वाळू उपसत होते. वाळू हे गौण खनिज. मालकी सरकारची, उपशाचा परवाना ठेकेदाराचा, नफाही त्याचाच. पण नदीकाठच्या शेतकऱ्याच्या लेखी वाळू म्हणजे पाण्याची टाकी. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते, म्हणून काठच्या विहिरींना पाझर असतो. वाळू गेली की विहिरी बसल्या.

त्याच सुमाराला, जानेवारी १९८२ पासून चाललेल्या मुंबईच्या गिरणी संपामुळे अनेक कामगार गावी परतले होते. संपाचा अनुभव आणि दुष्काळाचा अनुभव एकत्र आला आणि मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर तिचे एक प्रमुख कार्यकर्ते. गावकऱ्यांनी ठेकेदारांचा उपसा अडवला. इथवर ही ओळखीची गोष्ट आहे. पुढची मागणी मात्र वेगळी होती. बलवडी आणि तांदूळवाडी या दोन गावांनी सांगितले की वाळू अजिबात काढायची नाही, असे आमचे म्हणणे नाही. किती काढायची ते आम्ही ठरवू, विकू आम्ही, आणि त्या पैशातून येरळेवर आमचे धरण बांधू. सरकारशी बराच झगडा झाला. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्यांनी मदत केली, बाहेरच्या लोकांनी पैसे आणि श्रम दिले आणि बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पाणीवाटपाचे तत्त्व असे की पाण्यावर हक्क कुटुंबाचा. ज्याला जमीन नाही त्याचाही. मुळशीत जो कागदाबाहेर राहिला होता, तो इथे हिशेबात आला. समन्यायी पाणीवाटपाचा हा विचार पुढे १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून वाढला.

धरण लहान आहे, नकाशावर सापडायला वेळ लागतो. तरीही खाण आणि गाव यांच्या नात्याचा विचार करताना मला ते मोठ्या धरणांहून महत्त्वाचे वाटते. मर्यादा कोण ठरवणार, विकणार कोण, पैसा कशाला लागणार आणि फायदा कुणाकुणात वाटला जाणार, या चारही प्रश्नांची उत्तरे तिथे उपशाच्या आधी दिली गेली. नैसर्गिक साधनांच्या वादात 'विकासविरोधी' म्हणून ज्यांची गणना होते, त्यांनी स्वतः अटी लिहून दाखवल्या.

वारा कुणाचा

या अनुभवानंतर जेमतेम दहा वर्षांत साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या. सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीकडे गेले की त्यांची रांग सुरू होते. पाटण तालुक्यातले वनकुसवडे हे एकेकाळी आशियातल्या सर्वांत मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत गणले जाई. सांगलीत ढालगाव, जत, शिराळ्यातले गुढे-पाचगणीचे पठार अशी ठिकाणे पुढे आली. नव्वदच्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्क्यांपर्यंत घसारा धरता येत असे. म्हणजे ज्याचा नफा भलत्याच धंद्यातला, त्याने पवनचक्की घ्यावी आणि तिची किंमत करपात्र नफ्यातून वजा करावी. वारा वाहतो की नाही, यापेक्षा काही मालकांचे लक्ष मार्चअखेरकडे होते, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

जमीन खासगी खरेदीने, मध्यस्थांमार्फत घेतली गेली. पठारावरची जमीन वरकस. नाचणी, वरी आणि गवत यापलीकडे तिला भाव नव्हता. विकणाऱ्याला वाऱ्याची किंमत माहीत नव्हती, घेणाऱ्याला होती. पठारावर जनावरे चारणाऱ्या धनगर-गवळ्यांचे नाव तर सातबाऱ्यावर नव्हतेच. मुळशीतला कागदाचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला. पवनचक्कीवर ग्रामपंचायतीने कर किती लावायचा, यावरही वर्षानुवर्षे भांडणे झाली. श्रमिक मुक्ती दलाने या भागात वाऱ्यावर गावाचा वाटा मागितला. तेव्हा ही मागणी अनेकांना हास्यास्पद वाटली. येरळेच्या वाळूवरची मागणीही आधी तशीच वाटली होती.

याच काळात एक समजूत पसरली. २००३ च्या दुष्काळाच्या आसपास सातारा-सांगलीतले शेतकरी म्हणू लागले की पवनचक्क्या ढग पळवून लावतात. शास्त्रीय दृष्ट्या यात तथ्य नाही. शे-दीडशे मीटरवर फिरणारे पाते पावसाळी ढग हाकलू शकत नाही. सुशिक्षितांनी या समजुतीची टर उडवली. मी मात्र तिच्याकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहतो. आपल्या डोक्यावर उभे राहिलेले यंत्र काय करते, कुणासाठी करते, हे ज्याला कुणी सांगितले नाही, तो त्याचे स्पष्टीकरण स्वतः तयार करतो. आणि यंत्र आल्यापासून आपले काहीतरी गेले, ही त्याची मूळ जाणीव खोटी नव्हती.

पठारावर बदल झाला हे पुढे शास्त्रानेही दाखवले, पण वेगळ्याच दिशेने. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी चाळकेवाडीत केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. त्यामुळे तिथे रंगीत गळ्याच्या सरड्यांची संख्या वाढली होती आणि त्यांचे वागणेही बदलले होते. या सरड्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव 'सराडा' हे आपल्या मराठी शब्दावरूनच ठेवलेले आहे. पवनचक्की धूर सोडत नाही हे खरे, पण ती पठारावर काहीच करत नाही, असे म्हणता येत नाही.

न विचारण्याची सवलत

आता कायद्याकडे पाहू. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. म्हणून त्यांना आघात-अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती घालून दिली, पण ती सरकारने संपादन केले तर. खासगी खरेदीला ती लागू होत नाही. ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटच्या खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. त्यामागे वनहक्क कायद्याचे आणि अनुसूचित क्षेत्राचे बळ होते. पाटणच्या पठारावरच्या साध्या शेतकऱ्याच्या ग्रामसभेला तसे बळ नाही.

शंभर वर्षांचा धागा मला इथे सापडतो. मुळशीत सार्वजनिक हित हे कारण होते, कोयनेत राष्ट्रबांधणी, वनकुसवड्यात स्वच्छ ऊर्जा. तिन्ही कारणे खरी होती. प्रत्येक वेळी त्या कारणाच्या चांगुलपणाचा उपयोग, स्थानिकाला विचारण्यातून सूट मिळवण्यासाठी झाला. हेतू जितका पवित्र, तितकी विचारणा कमी.

याविरुद्ध एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. पाटणने पवनचक्की नाकारली तर तितकी वीज चंद्रपूरच्या कोळशातून येईल. तिथल्या माणसाच्या छातीत राख जाईल. हवामान बिघडले तर पहिला फटका जत आणि माणलाच बसेल. मग मूठभर गावांचा नकार किती काळ ऐकायचा? मी या युक्तिवादाला दाद देतो. स्थानिक असणे म्हणजे आपोआप नैतिक असणे, असे मी मानत नाही. पण हा युक्तिवाद ग्रामसभेत जाऊन मांडण्यासारखा आहे. ग्रामसभा टाळण्याचे कारण म्हणून तो वापरता येत नाही. चंद्रपूरचा माणूस आणि पाटणचा माणूस यांच्यात तोलायचे असेल, तर तो तराजू दोघांच्या देखत धरला पाहिजे.

दुसरी अडचण उलट बाजूची आहे. वाटा दिला की प्रश्न सुटला, असे आता कंपन्याही म्हणू लागल्या आहेत. नाही म्हणण्याची मुभाच नसेल, तर वाटा म्हणजे भरपाईचे नवे नाव. येरळेच्या गावांना अटी घालता आल्या त्या उपसा अडवून दाखवल्यानंतर. नॉर्वेतले उदाहरण इथे उपयोगी आहे. फोसेन भागातल्या १५१ पवनचक्क्यांमुळे रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांचा भंग झाला, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. चक्क्या फिरतच राहिल्या, पण पुढे २०२३ साली दक्षिण फोसेनच्या सामींशी जो समझोता झाला त्यात वार्षिक रक्कम आणि विजेचा वाटा यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट होती. सध्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर चक्क्या पुढे चालू ठेवायच्या की नाही, यावर सामींना नकाराधिकार मिळाला. वाटा आणि नकार एकाच कागदावर आले.

दोन निर्णय, अजून न झालेले

हे सारे जुने हिशेब आज का काढायचे? कारण साताऱ्यात दोन निर्णय समोर उभे आहेत.

पहिला डोंगराच्या उंचीचा. सूर्याची वीज दुपारी जास्त होते आणि संध्याकाळी नाहीशी होते. तिची साठवण म्हणून दुपारी पाणी खालच्या जलाशयातून वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची, अशा उदंचन प्रकल्पांची आखणी सह्याद्रीत होत आहे. पाटण तालुक्यात तारळीचा १,५०० मेगावॅटचा प्रकल्प प्रस्तावित आहे. असे प्रकल्प जितकी वीज देतात त्याहून जास्त खातात. पाण्याने चालणारी ती बॅटरी आहे. त्यांना बोगदे लागतात, बेसॉल्ट फोडावा लागतो, पठारावर जलाशय लागतो. म्हणजे उपमा बाजूला ठेवली तरी ही शब्दशः खोदाईच आहे, आणि २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले कास आणि कोयनेचे जंगल याच डोंगररांगेत येतात.

दुसरा निर्णय वाऱ्याचा. वनकुसवड्याच्या पहिल्या पिढीच्या पवनचक्क्या आता पंचवीस वर्षांच्या आसपास आल्या आहेत. जुन्या काढून त्यांच्या जागी मोठ्या, जास्त क्षमतेच्या बसवाव्यात यासाठी केंद्राने २०१६ साली धोरण आणले आणि २०२३ साली ते सुधारले. ज्या पठाराला पहिल्यांदा विचारले नव्हते, त्याला आता दुसऱ्यांदा विचारण्याची संधी आहे. कायद्याने जनसुनावणी लागत नसेल, पण ती घ्यायला कायद्याची मनाईही नाही. नवे यंत्र बसवण्याआधी ग्रामसभा भरवावी, तिला सातबाऱ्यावर नाव नसलेल्या गुराख्यालाही बोलवावे, यंत्राच्या आयुष्याच्या शेवटी पाया कोण उखडणार हे लिहून घ्यावे, वाऱ्याचा वाटा ठरवावा आणि गाव नाही म्हणाले तर त्या नकाराचे काय होईल, हेही त्याच सभेत सांगावे. यातली एकही गोष्ट नवी नाही. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी वाळूच्या बाबतीत ती चाळीस वर्षांपूर्वी करून दाखवली आहे.